आधी मनगटाचं बघा

पत्राचा सारांश: वय ५१, शाळेत शिक्षिका, आठ वर्षांपासून मधुमेह. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला आठ महिने दुखतंय. दोनदा स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, दोन्ही वेळा सहा-सात आठवडे बरं वाटलं आणि मग पहिल्यासारखंच. आता तिसरं सुचवलंय. उजवा खांदा चार महिन्यांपासून धरलाय, त्या कुशीवर झोपता येत नाही, हात पाठीमागे जात नाही. शेवटी जाता जाता लिहिलंय, की तीन आठवड्यांपूर्वी जिन्यात पाय घसरून उजव्या तळहातावर पडल्या. एक्स-रे साफ आला, मुरगळलंय म्हणाले. अंगठ्याच्या बाजूला थोडं दुखतं, पण सहन होतं. घरचे म्हणतात हाताला पूर्ण विश्रांती दे, म्हणून घरी असताना त्या हात गळ्यात बांधून ठेवतात. मैत्रीण म्हणते, दुखलं तरी व्यायाम कर. विचारतात: कुणाचं ऐकू? सगळ्या हाताचा एमआरआय काढून घेऊ का? की वय झालं म्हणून हे असंच चालायचं?

ताई,

तुमच्या पत्रात दीड पान कोपरावर आहे, एक पान खांद्यावर, आणि मनगटावर दोन ओळी. त्या दोन ओळी वाचून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली आणि आधी तुम्हाला उत्तर लिहायला बसले. तुम्ही दुखणी ज्या क्रमाने मांडलीत, त्याच्या बरोबर उलट क्रमाने आपण जाऊ. जे सगळ्यांत कमी दुखतंय, त्याच्यासाठीच हाताशी सगळ्यांत कमी वेळ आहे.

उजवा हात टेबलावर ठेवा, करंगळीची कड खाली आणि अंगठा वर. आता अंगठा छताकडे ताणा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून, दोन दोऱ्या (स्नायू हाडाला बांधणारे कंडरे) ताठ झालेल्या दिसतील आणि त्यांच्या मधोमध एक छोटी तिकोनी खळगी पडेल. पूर्वी लोक या खळगीत तपकिरीची चिमूट ठेवून ओढायचे, म्हणून शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तिचं नावच तपकिरीवरून पडलंय. डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक त्या खळगीत ठेवून सावकाश दाबा. मग डाव्या हाताच्या खळगीत तेवढ्याच जोराने दाबून बघा. थोडं टोचल्यासारखं कुणालाही होतं, म्हणून तुलना करायची. उजवीकडे दाबल्यावर तोंड वाकडं होण्याइतकी कळ आली, किंवा अंगठा धरून त्याच्या लांबीच्या दिशेने मनगटाकडे हलकेच ढकलल्यावर आत दुखलं, तर स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलेलं असू शकतं असं धरूनच पुढे जायचं.

मनगटात आठ छोटी हाडं असतात, त्यातलं हे एक, नावेच्या आकाराचं. त्याचा रक्तपुरवठा विचित्र आहे. रक्त हाडाच्या बोटांकडच्या टोकातून आत शिरतं आणि मागे, कोपराच्या दिशेने वाहतं. हाड मधोमध चिरलं, तर मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. मग ते जुळायला फार वेळ लागतो, कधी जुळतच नाही, आणि काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजायला लागतो. त्यातून चीर इतकी बारीक असते की पडल्याच्या दिवशी काढलेल्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून संशय असेल तर मनगट पट्ट्यात बांधून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, नाहीतर थेट एमआरआय किंवा सीटी करतात. तुमचा दुसरा एक्स-रे झालाच नाही. त्या दिवशी 'साफ' म्हणणाऱ्यांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. त्या दिवशी फोटोत काही नसेलही. पण तो त्या दिवसाचा फोटो होता.

खरं तर हे हाड तरुण मुलांमध्ये जास्त मोडतं. तुमच्या वयात तळहातावर पडलं की बहुधा मनगटाच्या वरचं रेडियस नावाचं हाड मोडतं, आणि ते एक्स-रेत सहसा लपत नाही. तेव्हा तुमचं हाड शाबूत असण्याचीही चांगलीच शक्यता आहे. तरी मी इतकी मागे लागलेय, कारण मोडलं असेल आणि प्लास्टरला चार आठवड्यांहून उशीर झाला, तर न जुळण्याचा धोका वाढतो. तुमचे तीन झालेत.

मी काम सुरू केलं त्या वर्षी एक तरुण माझ्याकडे आला होता. मैदानात पडून दोन वर्षं झाली होती. बोटं हलत होती, सूज चार दिवसांत उतरली, म्हणून त्याने दुखणं अंगावर काढलं. जमिनीवर हात टेकून उठताना मनगटात कळ येते, एवढीच त्याची तक्रार होती. नव्या एक्स-रेत हाडाचे दोन तुकडे आणि मधली फट सरळ दिसत होती. बोटं हलतायत म्हणजे हाड मोडलेलं नाही, हा समज इतका पक्का रुजलाय की मला तो जवळजवळ रोज खोडून काढावा लागतो. बोटं हलवणारे स्नायू कोपराजवळून येतात. मनगटातलं एक छोटं हाड चिरलं म्हणून ते थांबत नाहीत.

म्हणून दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि याच शब्दांत सांगा: "तळहातावर पडून तीन आठवडे झाले, अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दाबलं की दुखतं, पहिला एक्स-रे साफ होता, स्कॅफॉइड बघायचंय." असं सांगितलं की ते त्या हाडाचे वेगळ्या कोनांतले एक्स-रे काढतील, आणि शंका उरली तर मनगटाचा एमआरआय. तुमच्या सगळ्या हातात एमआरआयचा खर्च सार्थकी लागेल अशी जागा आज मला ही एकच दिसते. तोवर अंगठ्याला आधार देणारा पट्टा लावा, त्या हातावर भार देऊन उठू नका, आणि कुणालाही ते मनगट चोळू किंवा ओढून 'बसवू' देऊ नका. हाड ठीक निघालं तर त्याला शेजारच्या हाडाशी जोडणारा बंध दुखावलाय का, तेही त्याच भेटीत विचारा.

अंगठ्याच्या बाजूचं दुखणं म्हटलं की बरेच जण मुठीत अंगठा धरून मनगट करंगळीकडे वाकवायची चाचणी करतात. ती दुसऱ्या दुखण्याची आहे. अंगठ्याच्या दोऱ्या ज्या बोगद्यातून जातात तिथे त्या घासायला लागल्या की ते होतं. फ्रिट्झ द कर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना ते बऱ्याचदा होतं आणि हळूहळू वाढतं. तुमचं पडल्यावर सुरू झालंय. पडलेल्या मनगटावर ही चाचणी करून ते पिरगळू नका.

आता खांदा. इथे मला घरच्यांच्या प्रेमाच्या आड यावं लागतंय. हात गळ्यात बांधणं आजच बंद करा.

आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा, आणि कोपरं न हलवता दोन्ही हात दाराच्या झडपांसारखे बाहेर उघडा. डावा हात छान उघडेल. उजवा थोडा उघडून अडेल, असा माझा अंदाज आहे. आता घरातल्या कुणाला तरी तोच हात हलकेच बाहेर न्यायला सांगा. त्यांनी मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागाला धरावं, पंजाला धरू नये. त्यांनी नेला तरी तो तिथेच अडला, तर खांदा आखडलाय, म्हणजे फ्रोजन शोल्डर. खांद्याच्या स्नायूंच्या दोऱ्या दुखावल्या असतील तर स्वतःला हात उचलायला जड जातं, विशेषतः कमरेपासून डोक्यापर्यंतच्या प्रवासात मधल्या टप्प्यावर कळ येते, पण दुसऱ्याने उचलला तर तो बराच वर जातो. आखडलेला खांदा कुणाचंच ऐकत नाही. सांध्याभोवतीची पिशवीच जाड होऊन आकसलेली असते.

४० ते ६० या वयात हे होतं, बायकांना जास्त, आणि मधुमेह असलेल्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त. थायरॉइडच्या विकारातही दिसतं. तेव्हा "मी फळ्यावर जास्त लिहिलं म्हणून झालं का", "वजन उचललं म्हणून झालं का", हे स्वतःला विचारणं सोडून द्या, ताई. तुमच्या पत्रात ते चार ठिकाणी आलंय. बहुतेकांच्या बाबतीत यामागे कुठलीही चूक नसते. आधी दुखतं, मग दुखणं कमी होऊन ताठरपणा उरतो, मग तो सावकाश सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं जातात. हे ऐकून मन खट्टू होईल, पण हे आधी कळलेलं बरं. नाहीतर माणसं दर दोन महिन्यांनी डॉक्टर बदलत बसतात. यासाठी एमआरआय सहसा लागत नाही. हाताने तपासून निदान होतं, आणि दुसरं काही नाही ना एवढ्यापुरता एक साधा एक्स-रे पुरतो. पन्नाशीनंतर खांद्याच्या एमआरआयमध्ये दुखत नसलेल्या माणसांनाही दोऱ्या फाटल्याचं, झिजल्याचं दिसतं. तो अहवाल हातात आला की माणूस घाबरून हात हलवायचंच बंद करतो, आणि आखडणं वाढतं.

एक प्रश्न मात्र तुम्हाला विचारायचाय. पडण्याच्या आदल्या दिवशी खांदा जसा होता, तसाच दुसऱ्या दिवशी होता का? पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला असेल, तर दोरी नव्याने फाटली असू शकते. तशा फाटण्यात शस्त्रक्रिया लागली तर ती लवकर केलेली बरी. तेव्हा असं काही झालं असेल तर मनगटासोबत त्याच भेटीत खांदाही दाखवा.

व्यायामाबद्दल तुमची मैत्रीण अर्धी बरोबर आहे. आखडलेला खांदा हलवायचा, पण जोर करून ओढायचा नाही. डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाका, उजवा हात सैल लोंबू द्या आणि लोलकासारखे छोटे झोके घ्या. मग खुर्चीत बसून उजवा हात कोपरापासून पुढे टेबलावर ठेवा आणि कंबरेतून पुढे झुका, म्हणजे खांदा आपोआप उघडेल. तिसरा दारात करायचा. कोपर कमरेशी ठेवून, कोपर ते मनगट या भागाची आतली बाजू चौकटीला टेकवा आणि पावलं हळूहळू उलट्या बाजूला वळवा. यातल्या एकातही मनगटावर भार येत नाही, म्हणून तेच निवडले. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, आधी गरम शेक घेऊन. करताना ताण लागेल, थोडं दुखेलही. पण नंतर अर्धा-पाऊण तास ठणकत राहिलं किंवा त्या रात्री झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. रात्री डाव्या कुशीवर झोपून उजव्या हाताखाली जाड उशी घ्या, जणू तिला मिठी मारलीय. खांद्याचं वजन खाली ओढलं गेलं नाही की पहाटेची कळ बरीच कमी होते.

कोपराकडे येते. आठ महिने तुम्ही ज्याच्यामागे आहात ते टेनिस एल्बो आहे, हे निदान मला पटतं. मुठीत काही धरलं की, दाराची मूठ फिरवली की, भरलेली बाटली सरळ हाताने उचलली की बाहेरच्या हाडावर कळ येते, असं तुम्ही लिहिलंय. नाव टेनिसचं असलं तरी हे दुखणं ज्यांना होतं त्यातल्या बहुतेकांनी रॅकेट हातात धरलेलीही नसते. १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने याचं पहिलं वर्णन केलं ते लिहिणाऱ्या माणसांच्या संदर्भात. फळ्यावर वर्षानुवर्षं खडू धरणाऱ्या शिक्षिकेला ते व्हावं यात नवल नाही.

तिसरं इंजेक्शन? माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. महिनोन्‌महिने रेंगाळलेल्या टेनिस एल्बोत सुजेचा भाग थोडा असतो. दोरीचे धागे विस्कटलेले, नीट न भरलेले असतात. स्टिरॉइड दुखणं दाबतं, धागे सांधत नाही. चाचण्यांमध्येही हेच दिसलंय की इंजेक्शन घेतलेले लोक पहिले सहा आठवडे मजेत असतात, आणि वर्षाच्या शेवटी मात्र न घेतलेले जास्त बरे असतात. तुमचा स्वतःचा अनुभव दोनदा हेच सांगतोय. पण म्हणून इंजेक्शनवरच काट मारू नका. तेच औषध आखडलेल्या खांद्याच्या सांध्यात, दुखणं जोरात असताना दिलं, तर खरा उपयोग होतो, झोप परत येते आणि व्यायाम करता येतो. त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. फक्त मधुमेहात त्यानंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा ती रोज तपासायची तयारी ठेवा.

कोपराला हवाय तो मोजून दिलेला भार. एरवी मी तुम्हाला आजपासूनच सांगितलं असतं: कोपर ते मनगट हात टेबलावर, तळवा खाली, पंजा कडेबाहेर. डाव्या हाताने वरून दाबायचं आणि उजव्याने तो दाब पंजा न हलवता ३० ते ४५ सेकंद पेलायचा, चार-पाच वेळा. दोन-तीन आठवड्यांनी हातात हलकं वजन घेऊन पंजा सावकाश खाली सोडायचा. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. दोन-तीन महिने नेटाने करावं लागतं. पण हा सगळा भार मनगटातून जातो. मनगटाचा निकाल लागेपर्यंत कोपराच्या व्यायामाला हात लावू नका. आठ महिने थांबलेलं दुखणं आणखी थोडं थांबेल, तेवढ्याने काही बिघडत नाही. तोवर वस्तू उचलताना तळवा वर आणि कोपर वाकलेलं ठेवा, आणि जमेल तितकं काम डाव्या हाताने करा.

तेव्हा कुणाचं ऐकू, याचं उत्तर असं: मनगटाच्या बाबतीत घरच्यांचं, खांद्याच्या बाबतीत मैत्रिणीचं थोडं मवाळ करून, आणि कोपराच्या बाबतीत सध्या दोघांचंही नाही. तिन्ही दुखणी एकाच हातात आली म्हणून ती एकच आजार ठरत नाहीत आणि तो आजार म्हणजे म्हातारपणही नाही. वयाचं म्हणाल तर एक गोष्ट मात्र करा. मनगट खरंच मोडलेलं निघालं, तर हाडांची घनता तपासायची का, ते डॉक्टरांना विचारा. पाळी गेल्यानंतरच्या वयात हा प्रश्न विचारायलाच हवा.

तुमच्यासारखी पत्रं बरीच येतात, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं. पडल्यावर हात वाकडा दिसला, जखमेतून हाड दिसलं, बोटं गार, पांढरी किंवा बधिर झाली, तर घरी वेळ घालवू नका. खांदा निखळला की त्याची गोलाई जाते आणि कडा चौकोनी दिसते. तो स्वतः किंवा मित्रांकडून बसवून घेऊ नका, शेजारून शीर जाते. आहे त्या स्थितीत आधार देऊन दवाखाना गाठा. सूज चढण्याआधी अंगठ्या, घड्याळ काढून टाका. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं ठेवला तर दुखणं कमी होतं, शेक आणि मालिश मात्र तेव्हा नको. बर्फ आणि पूर्ण विश्रांतीचं सूत्र १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरने रूढ केलं, आणि पुढे त्यानेच मान्य केलं की दोन्हींचा अतिरेक भरून येण्याच्या आड येऊ शकतो. मोडलेलं नाही हे कळलं की दोन-तीन दिवसांत हळूहळू हालचाल सुरू करावी.

रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, हात झटकला की बरं वाटत असेल, तर मनगटात शीर दबतेय. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावून बघा. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट व्हायला लागला, तर मात्र थांबू नका. करंगळीला मुंग्या येत असतील तर तपासायचं ठिकाण कोपर. लहान मुलाला हाताने झटकन वर ओढलं आणि नंतर त्याने तो हात वापरणंच सोडलं, तर कोपराचं हाड किंचित सरकलेलं असतं. डॉक्टर क्षणात बसवतात. आणि डाव्या खांद्यात, हातात दुखताना छातीवर दडपण, घाम, धाप असेल, तर हाडांच्या डॉक्टरांचा विचारही मनात आणू नका. ते हृदय असू शकतं, थेट रुग्णालय गाठा.

ताई, तुम्ही लिहिलंय की फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात पोचत नाही याची वर्गासमोर लाज वाटते. फळ्याच्या जवळ उभ्या राहा, हनुवटीच्या खालच्या भागात लिहा, आणि वरची ओळ एखाद्या विद्यार्थ्याला लिहू द्या. मुलं आनंदाने लिहितात.

मनगटाच्या एक्स-रेचं काय झालं ते मला कळवा. उजव्या हातात अंगठी असेल, तर डॉक्टरांकडे निघण्याआधी ती काढून ठेवा. प्लास्टर घालायची वेळ आली तर तिथे साबण शोधत बसावं लागणार नाही.